दीड सेकंदाची टाकी

खराड्यांच्या घरी काही विचारलं की उत्तरासाठी दीड सेकंद थांबायचं, हे दूध घालायला येणाऱ्या बाईलाही ठाऊक झालं होतं. "आबा, उद्या लिटरभर का दोन?" असं विचारून ती किटली खाली ठेवायची, पदर सारखा करायची, तोवर निवृत्ती खराड्यांच्या छातीवरच्या छोट्या स्पीकरमधून उत्तर यायचं. आवाज मात्र असा खणखणीत, की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं कान टवकारायचं.

तासगाव-विट्याच्या पट्ट्यात चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही माणसानं हा आवाज डोळे मिटून ओळखला असता. निवृत्ती खराड्यांनी तीस वर्षं जत्रांच्या मैदानात कुस्त्यांचं निवेदन केलं होतं. हातात माईक आला की हा माणूस दहा हजार लोकांना बसवायचा, उठवायचा, हसवायचा. मग सहा वर्षांपूर्वी घशाचा कर्करोग झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं, श्वास घ्यायला गळ्याच्या खाली एक भोक राहिलं. त्यांच्या वडिलांच्या काळात हे झालं असतं, तर उरलेलं आयुष्य पाटी-पेन्सिलीवर काढावं लागलं असतं. पण साल होतं २०३७. डॉक्टरांनी त्यांच्या गळ्यात एक पट्टा बांधला.

पट्ट्याची करामत सांगायला सोपी आहे. बोलताना हनुवटीखालचे आणि जिभेच्या मुळाचे स्नायू हलतात, आणि हलणारा प्रत्येक स्नायू विजेची बारीकशी लहर सोडतो. ओठ मिटून मनातल्या मनात बोललं तरी ही लहर उठतेच, फक्त मंद. पट्टा ती टिपतो. आतला छोटा संगणक त्या लहरींतून शब्द ओळखतो आणि माणसाच्या जुन्या आवाजात ते तयार करतो. आबांच्या बाबतीत तीस वर्षांच्या कॅसेटी आणि मोबाईलवरची रेकॉर्डिंगं हाताशी होती, त्यामुळे आवाज हुबेहूब उतरला. तयार झालेला आवाज साउंड कार्डकडे जातो आणि कार्ड छातीवरचा स्पीकर वाजवतं. संगणक आणि कार्ड यांची भाषा वेगवेगळी असते. त्या दोघांमध्ये दुभाष्याचं काम करणारा जो प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. दीड सेकंद लागायचे ते तिथे.

आबांची एकुलती एक मुलगी धनश्री नेमकी याच धंद्यातली. बंद पडलेल्या कंपन्यांची यंत्रं चालू ठेवणं, हे तिचं काम. तासगावच्या घरात माडीवर बसून ती कुठल्या कुठल्या दवाखान्यांतली उपकरणं सुधारत असे. आबांचा पट्टा बनवणारी परदेशी कंपनीही तीन वर्षांपूर्वी बुडाली होती. पण पट्ट्यात लिनक्स ही खुली संगणकप्रणाली होती आणि ड्रायव्हरचा सगळा मजकूर कुणालाही वाचायला खुला होता. तरी तिनं त्याला कधी हात लावला नव्हता. चालतंय ना, मग कशाला?

चैत्रात चिंचखिंडीच्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष भगवान मगर घरी आले. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी विषय काढला.

"आबा, यंदा आमच्या मैदानाला पन्नास वर्सं होत्यात. बाकीच्या कुस्त्या पोरं बोलतील. पर शेवटची, घेवारे आन शेंडग्याची, ती तुमच्याच तोंडानं व्हायला पायजे."

दीड सेकंद गेला. "येतो की," स्पीकर म्हणाला, आणि आबांच्या मिशा थरथरल्या.

मगर गेल्यावर आबांनी टीव्हीवर एक जुनी कुस्ती लावली, आवाज बंद केला आणि सराव सुरू केला. धनश्री जिन्यात उभी राहून बघत होती. पडद्यावर एकानं समोरच्याचा पाय धरून पट काढला, दुसऱ्यानं तो वाचवून ढाक मारली, पहिला पाठीवर आपटला, पंचांनी हात वर केला. तेव्हा कुठे छातीवरून आवाज आला, "आन एकेरी पट काढला बगा!" आबांनी पुन्हा प्रयत्न केला, आणखी एकदा केला. मग पट्टा काढला, पुसला, डबीत ठेवला आणि पाटीवर लिहिलं, "वरात गेल्यावर वाजंत्री." थोड्या वेळानं खाली आणखी एक ओळ लिहिली, "तुला जमल का?"

धनश्रीनं या माणसाला ऑपरेशनच्या दिवशीही इतकं केविलवाणं पाहिलं नव्हतं. "जमतंय का बघते," ती म्हणाली. जत्रेला बारा दिवस होते.

तिची आई शोभा स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. धनश्री पाणी प्यायला गेली तेव्हा तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "दुरुस्त करायला ते बिघडलंय कुठं?"

"आई, दीड सेकंद उशिरा बोलतात ते. मैदानात कसं चालेल?"

"मैदानाचं मला ठावं न्हाई. मी कवा गेले न्हाई तितं. घरातलं सांगते." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "लगीन झाल्यापासनं तुझ्या बापाच्या जिभेखाली मी दिवस काढलं. कालवणात मीठ जास्त पडलं की घास गिळायच्या आधी तोंड सुटायचं, मग पावनं असूदे न्हाईतर सोयरं. आन ह्या सहा वर्सांत एकदाबी मला टाकून बोलले न्हाईत. आजारपणानं शानं झाले म्हन, न्हाईतर त्या पट्ट्यात कायतर हाय म्हन. तू त्याला हात लावू नगंस."

"आई, तो नुसता ड्रायव्हर आहे."

"मग? गाडीत बसायचं का न्हाई, ते ड्रायवर बघूनच ठरवत्यात."

धनश्री हसली. आईचं मनावर घ्यायचं नसतं, असं तिला वाटलं. तिच्या धंद्यातल्या माणसांना तसं वाटतंच.

माडीवर तिनं पट्टा आपल्या संगणकाला जोडला आणि नेहमीच्या क्रमानं सुरुवात केली. साउंड कार्ड यंत्रणेला दिसतंय का? दिसतंय. आवाजाची एखादी वाहिनी म्यूट आहे का? या धंद्यातल्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, पण इथे तसं नव्हतं. कार्ड दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमनं अडवून धरलंय का? नाही. मग राहिला बफर, म्हणजे आवाजाची साठवण. गावात बोअरचं पाणी आधी छतावरच्या टाकीत चढवतात आणि टाकीतून नळाला सोडतात. मोटार मध्येच बंद पडली तरी नळ चालू राहतो. ड्रायव्हरही तसंच करतो. टाकी मोठी ठेवली तर आवाज सलग येतो, पण उशिरा. लहान ठेवली तर लगेच येतो, पण जरा पुरवठा चुकला की टाकी कोरडी पडते आणि स्पीकर खरखरतो. या ड्रायव्हरमध्ये टाकी दीड सेकंदाची होती, आणि एवढी मोठी टाकी तिनं आजवर कुठल्याच यंत्रात पाहिली नव्हती.

तिनं आकडा बदलून टाकी लहान केली. आबांच्या आवाजाची लाह्या फुटल्यासारखी गत झाली. पुढचे चार दिवस कारण शोधण्यात गेले. शेवटी चूक सापडली. आतापर्यंत किती वाजवून झालं, असं ड्रायव्हर विचारायचा तेव्हा कार्डाची चिप जुनाच आकडा सांगायची. तिनं ड्रायव्हरमध्ये या चिपसाठी अपवाद लिहिला आणि खरा आकडा दुसऱ्या जागेवरून वाचून घेतला. खरखर थांबली. दीड सेकंदाचे तीस मिलिसेकंद झाले.

ते करताना तिला टाकीच्या आकड्याशेजारी जुन्या कुणा इंजिनिअरनं इंग्रजीत लिहून ठेवलेली एक ओळ दिसली होती. 'हा आकडा कमी करू नये. चाचणीतल्या माणसांनी मागून घेतला आहे.' खाली आणखी एक नोंद होती. माणसानं आवंढा गिळला, की टाकीत साठलेलं न वाजवता पुसून टाकायचं. गिळताना गळ्याचे सगळेच स्नायू एकदम हलतात, त्या गोंधळातून भलतेच शब्द निघू नयेत म्हणून ही सोय असणार, असं तिनं ताडलं आणि ती तशीच ठेवली. आकड्याबद्दलच्या ओळीकडे मात्र दुर्लक्ष केलं. जुन्या ड्रायव्हरमध्ये अशा भीती घालणाऱ्या ओळी ढिगानं असतात.

आबांनी पट्टा बांधला. "एक, दोन, तीन," आवाज आला आणि ते स्वतःच दचकले. त्यांनी टीव्ही लावला. पडद्यावर हात सुटायच्या आत आबांचे शब्द सुटत होते, "पट काढला, वाचवला, आता ढाक बगा, ढाक!" दूधवाली दारात थांबून ऐकत राहिली. आबांचे डोळे भरून आले. धनश्रीला इतका आनंद झाला, की ती तशीच धावत खाली जाऊन आईला हाताला धरून वर घेऊन आली.

त्या दिवशी संध्याकाळी सगळे जेवायला बसले. शोभानं विचारलं, "आमटी कशी झालीय?"

"खारट," उत्तर लगेच आलं. धनश्रीला हसू आलं. आबा ताटाकडे बघत राहिले.

"बरं," शोभा म्हणाली. "म्या काय म्हनते, यंदा चिंचखिंडीला मीबी येणार. आता बायकांची येगळी बैठक असती म्हणं. पोरीबी कुस्त्या धरत्यात. एकदा तरी ऐकते तुमाला."

"तू कशाला? तुला काय कळतंय त्यातलं? भाकरी थापायची अक्कल, निघाली मैदानाला."

बोलताना आबांचे ओठ मिटलेले होते. स्पीकरमधून आवाज आला तो पंचेचाळिशीतला, धारदार. शोभाचा चेहरा धनश्रीनं लहानपणी शंभरदा पाहिला होता तसा झाला. ती उठली, ताटं गोळा केली आणि मोरीत जाऊन घासत बसली. आबा पट्टा ओढून काढायला लागले, पण घाईत त्याचा खटका सापडेना. मग पाटी घेऊन त्यांनी लिहिलं आणि धनश्रीपुढे धरलं. "हे मी बोललो नाही. मनात आलं. बोललो नसतो."

धनश्री माडीवर जाऊन ड्रायव्हर पुन्हा वाचायला बसली, आणि सहा दिवस समोर असलेली गोष्ट आता तिला कळली. तुमच्याआमच्या आवाजाला श्वास लागतो. मनात शब्द येतो, जीभ हलायला लागते, पण श्वास सोडेपर्यंत तो शब्द आपला असतो, परत घेता येतो. आबांचा श्वास आता तोंडातून जातच नव्हता. पट्टा जिभेचं हलणं टिपायचा, आणि जीभ माणसाच्या निश्चयाच्या आधी हलते. श्वासाचा तो पहारा गेला होता, त्याच्या जागी दीड सेकंद उभा होता. तेवढ्या वेळात मनात आलेलं तपासायचं, नको असेल तर आवंढा गिळून पुसायचं. चाचणीतल्या माणसांनी एवढी मोठी टाकी मागून घेतली, ती यासाठी. आणि तिनं ती काढून टाकली होती.

पट्ट्याच्या नोंदींमध्ये एक आकडा होता. न वाजवता पुसलेली वाक्यं, सहा वर्षांची सरासरी, दिवसाला बासष्ट. धनश्री त्या आकड्याकडे बघत राहिली आणि तिला रडू आलं. ज्या माणसाला जिभेवर ताबा नाही असं घरादारानं गृहीत धरलं होतं, तो सहा वर्षं रोज बासष्ट वेळा स्वतःला आवरत होता, आणि कुणाला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हे मोठ्या अपूर्वाईनं आईला सांगितलं. तिला वाटलं होतं आई विरघळेल. शोभा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजी रोज बासष्ट बारी मला टाकून बोलायचं मनात येत हुतं?"

"आई, तसं नाही…"

"मग कसं? मला वाटलं, मानूस बदलला. त्यो हाय तसाच हाय, निसतं झाकण बसलंवतं." ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "मैदानाला येते मी. लोकं ह्या जिभेला येवढी कशापायी नावाजत्यात, ते तरी बघू."

धनश्रीनं उरलेल्या दिवसांत पट्ट्यावर एक छोटी कळ बसवली. खाली केली की दीड सेकंद, वर केली की तीस मिलिसेकंद. एक घरासाठी, एक मैदानासाठी. आबांनी मान डोलावली. घरात ते कळ खाली ठेवून होते, पण फारसं बोलत नव्हते, आणि शोभा काही विचारत नव्हती. इतका सोपा तोडगा निघाला, पण घरात त्याचा उपयोग होईना.

चिंचखिंडीच्या मैदानात उन्हं कलली तेव्हा शेवटची कुस्ती लागली. एका बाजूला विट्याचा उदय घेवारे, दुसऱ्या बाजूला जतचा नामदेव शेंडगे, आणि दोघांच्या मागे दोन तालुके. आबांनी मंचावर पट्टा चाचपला, कळ वर केली, माईक छातीशी धरला आणि सगळ्या मैदानाकडे एकदा नजर फिरवली. बायकांच्या बैठकीपाशी ती जरा थांबली.

"मंडळी, सहा वर्सं मुका हुतो. आता कान सांभाळा."

मैदानात हशा पिकला, आणि मग आबांनी जे धरलं ते सोडलंच नाही. हात, पाय, पकड, एक निसटली नाही. हलगीवाला त्यांच्या शब्दांवर ठेका बदलत होता. शोभा पुढे सरकून बसली होती. कुस्तीतलं काही कळत नसलेल्या बाईला पहिल्या पाच मिनिटांत कोण काय करतोय ते कळायला लागलं. "घिस्सा म्हंजी काय?" तिनं धनश्रीला विचारलं, आणि आबांनी पुढच्याच वाक्यात ते मैदानाला समजावून सांगितलं.

विसाव्या मिनिटाला दोघे आखाड्याच्या कडेला, मंचाच्या अगदी जवळ आले. शेंडग्यानं घेवारेला उचललं. धूळ उडाली, दोघे एकमेकांवर कोसळले. पंच पलीकडच्या बाजूला होते. घेवारेची पाठ लागली की नाही, हे जवळून दिसलं असेल तर फक्त मंचावरच्या माणसाला. दहा हजार लोक उभे राहिले. दोन्ही तालुक्यांची पोरं दोरीपाशी धावली. निवेदकानं पंचांच्या आधी निकाल सांगायचा नाही, हा मैदानाचा कायदा. एका शब्दानं डोकी फुटतात, हे आबा तीस वर्षं सांगत आले होते.

आणि स्पीकर वाक्याच्या मध्येच गप्प झाला.

"बंद पडलं का गं?" शोभानं धनश्रीचा हात घट्ट धरला.

धनश्रीनं पट्ट्याला जोडलेला मोबाईल काढला. पट्टा सुरळीत होता. कळ खाली होती. आबांनी तो डाव सुटताना पाहिला आणि त्याच क्षणी अंगठ्यानं ती खाली केली होती. पुसलेल्या वाक्यांचा मैदानात आल्यापासूनचा आकडा शून्य होता, तो तिच्या डोळ्यांदेखत एक झाला.

"मंडळी, जागेवर बसा," आवाज आला, शांत आणि भारदस्त. "पंच बोलतील त्योच निकाल. तवर हलगी वाजू द्या."

हलगी वाजली. पोरं रेंगाळत मागे सरली. पंच एकमेकांशी बोलले आणि त्यांनी कुस्ती पुन्हा लावली. पुढं ती बरोबरीत सुटली. आबांनी त्या क्षणी काय पाहिलं, ते त्यांनी पुढं कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं जेवायला बसले. आबांच्या पट्ट्यावरची कळ खाली होती. शोभा वाढता वाढता थांबली, हात पुसला, नवऱ्याच्या गळ्यापाशी वाकली आणि ती कळ तिनं वर केली.

"आई, नको," धनश्री म्हणाली.

"तू गप. माजी गोष्ट हाय." शोभा समोर बसली. "मैदानात मी दिसले का तुमाला?"

"पयल्यांदा तुलाच हुडकलं," स्पीकर लगेच म्हणाला. आबांनी दचकून स्पीकरवर हात ठेवला, पण आवाज बोटांमधून येतच राहिला. "हिरवं लुगडं नेसलीवतीस. तू हसलीस तवा धीर आला. तीस वर्सं तुला संगं न्यायला पायजे हुतं. ह्ये रोज मनात येतंय आन रोज लाज वाटती."

आबा कानापर्यंत लाल झाले. त्यांनी दुसराही हात स्पीकरवर ठेवला. यंत्रानं आकडा ठेवला होता, शब्द ठेवले नव्हते. त्या बासष्टांत काय काय असेल, याचा विचार धनश्रीनंही केला नव्हता.

शोभानं पुन्हा वाकून कळ खाली केली.

"बास. येकदम येवढं सोसायचं न्हाई," ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपून तिनं आबांच्या वाटीत आमटी वाढली. "आता सांगा. आमटी कशी झालीय?"

आबांनी भुरका मारला. दीड सेकंद गेला. त्यांनी एकदा आवंढा गिळला. आणखी दीड सेकंद गेला.

"झकास," स्पीकर म्हणाला.

शोभा तोंडाला पदर लावून हसत सुटली. आमटीत मीठ घालायचं ती मुद्दामच विसरली होती.